झोप मोजायची, तर बर्थ द्या

कळंबोलीपासून कोलाडपर्यंत रात्रीच्या एस.टी.ने कधी गेला असाल, तर रस्त्याच्या कडेला ओळीने उभे असलेले ट्रक तुम्ही पाहिले असतील. ताडपत्रीवर आवळलेले दोर, मागचे लाल दिवे, अर्धवट चढवलेल्या काचा. खिडकीतून आपल्याला ट्रक दिसतो, आतला माणूस दिसत नाही. तो सीटमागच्या फळीवर गुडघे पोटाशी घेऊन पडलेला असतो. त्याचा क्लीनर पुढच्या सीटवर मुटकुळे करून झोपलेला असतो. तो माणूस कुणाचा तरी मुलगा असतो, कुणाचा तरी नवरा असतो. आपल्या वस्त्यांतून विचारा, दर दोन-चार घरांमागे एखादे घर असे निघेल, जिथे ट्रकवर गेलेल्या माणसाच्या फोनची वाट पाहिली जाते. बाप गिरणीत किंवा गोदीत होता, मुलगा हेवी लायसन्स काढून गाडीवर गेला. ही आपल्या घराघरांतली गोष्ट आहे.

मी स्वतः ड्रायव्हर नाही. बी.कॉम. झालो आणि एका ट्रान्सपोर्टच्या कचेरीत कारकून म्हणून लागलो. बिल्ट्या लिहिणे, भाड्याचा हिशेब करणे, ड्रायव्हरचा भत्ता काढून देणे हे माझे काम. संध्याकाळी वस्तीतल्या मंडळाचे काम बघतो. दिवसभर ड्रायव्हर माझ्या टेबलासमोर उभे असतात. त्यांच्या लाल डोळ्यांकडे बघून मला कळते, की कुणाची रात्र कशी गेली आहे.

आज लिहायचे आहे ते ड्रायव्हरच्या एका वेगळ्याच रात्रीविषयी. त्या रात्री तो गाडी चालवत नाही, तरी गाडी पुढे जात असते. म्हणजे ट्रक बोटीवर किंवा रेल्वेवर चढवलेला असतो आणि ड्रायव्हर बरोबर असतो. मालक म्हणतो, ‘‘मजा आहे बुवा तुमची, झोपून पोचता.’’ ती मजा कशी असते, तो माणूस खरेच झोपतो का, आणि झोपतो तर कुठे, याची चौकशी मी गेले वर्षभर करतो आहे. का करतो आहे, तेही पुढे सांगणार आहे.

आधी बोटीचे सांगतो. गाडी चालवत आत नेता येते आणि पलीकडे चालवत बाहेर काढता येते, अशा बोटीला रो-रो म्हणतात. आपल्या कोकणात दाभोळच्या खाडीवर अशी फेरीबोट चालते, ती बऱ्याच जणांनी पाहिली असेल. मुंबईहून मांडव्याला मार्च २०२० पासून मोठी रो-रो सुरू झाली. गुजरातमध्ये हजिरा ते घोघा ही फेरी नोव्हेंबर २०२० मध्ये सुरू झाली. रस्त्याने ३७० किलोमीटरचा वळसा पडतो, तिथे समुद्रातून चार तासांत पलीकडे जायचे. पण या सगळ्या काही तासांच्या फेऱ्या. रात्रभर चालणाऱ्या, पाच-सहा मजली, शंभर-दीडशे ट्रक पोटात घेणाऱ्या बोटी आहेत त्या युरोपात. ग्रीसहून इटलीला, स्वीडनहून एस्टोनियाला, हॉलंडहून इंग्लंडला.

तुम्ही म्हणाल, युरोपातल्या बोटींशी आपला काय संबंध? संबंध आहे. तिकडे ड्रायव्हरांचा तुटवडा पडला, तेव्हापासून आपल्या देशातले ड्रायव्हर तिकडे जाऊ लागले आहेत. आमच्या यार्डात माल भरायला एक सरदारजी येतात. चार वर्षे पूर्व युरोपातल्या एका कंपनीची गाडी चालवून परत आले, आता स्वतःच्या दोन गाड्या आहेत. माल भरून होईपर्यंत ते माझ्या टेबलाशी चहा घेत बसतात. त्यांनी पहिल्यांदा ग्रीसहून इटलीला बोटीने गेल्याची रात्र मला सांगितली.

‘‘बाबूजी,’’ ते म्हणाले, ‘‘बंदरावर पोचलो की पहिल्यांदा गाडीची लांबी विचारतात. भाडे लांबीवर. मग रांग. मग हातात बॅटरी घेतलेला खलाशी खुणा करतो, तसे जायचे. काही बोटींत रिव्हर्सने आत घालावी लागते. दोन गाड्यांमध्ये एवढेच अंतर की आरसे मिटवून घ्यायचे आणि पोट आत ओढून उतरायचे. हँडब्रेक, गिअर, इंजिन बंद. खलाशी येऊन गाडी साखळदंडांनी जमिनीला बांधतात. थंड माल असेल तर गाडीची वायर बोटीच्या विजेला जोडतात. आपण पिशवीत टॉवेल, ब्रश, औषध घ्यायचे, मजल्याचा नंबर पाठ करायचा आणि जिना चढायचा. खालचे दार बंद.’’

‘‘मग वर?’’ मी विचारले.

‘‘वर नशीब,’’ ते हसले. ‘‘काही बोटी अशा, की ड्रायव्हरांची वेगळी खोली, गरम जेवण तिकिटात धरलेले, आंघोळीला गरम पाणी, झोपायला स्वच्छ चादर. तुर्की, बल्गेरियन, पोलंडवाला, मी. कुणाची भाषा कुणाला येत नाही. तरी एकमेकांना पोराबाळांचे फोटो दाखवतो. त्या रात्री वाटायचे, आपणही माणूस आहोत. आणि काही बोटी अशा, की चार अनोळखी माणसे एका खोलीत, कोंदट वास, गादीत ढेकूण. नाहीतर खोल्याच संपलेल्या. मग हॉलमधल्या खुर्चीवर, नाहीतर गालिच्यावर पथारी. अशा बोटीवर ड्रायव्हर काय करतो? गुपचूप खाली जातो आणि आपल्या गाडीत झोपतो. गाडीतली गादी आपली, उशी आपली, मालावर नजरही राहते. दार बंद करायच्या आधी तो तिथेच पडद्याआड राहतो. खलाशीही बघून न बघितल्यासारखे करतात.’’

हे ऐकताना मला आपल्या कडेला उभ्या असलेल्या ट्रकची आठवण झाली. पण रस्त्याच्या कडेला झोपणे आणि बोटीच्या पोटात झोपणे यात फरक आहे. रस्त्यावर आग लागली तर दार उघडून उडी मारता येते. बोटीच्या गाड्यांच्या मजल्यावर चारी बाजूंनी डिझेलच्या टाक्या, बाहेरून बंद केलेले दार आणि वर लोखंडी छत. म्हणूनच बोट चालू असताना बंदिस्त गाड्यांच्या मजल्यावर प्रवाशांनी जायचे नाही, असा आंतरराष्ट्रीय सागरी सुरक्षेचा नियम आहे. नियम चांगला आहे, जीव वाचवणारा आहे. मात्र ‘इथे झोपू नको’ म्हणणाऱ्याने ‘तिथे झोप’ म्हणून जागाही दाखवली पाहिजे. ती दाखवली नाही तर काय होते, ते जगाने पाहिले आहे.

१८ फेब्रुवारी २०२२ ची पहाट. ‘युरोफेरी ऑलिंपिया’ नावाची बोट ग्रीसच्या इगुमेनित्सा बंदरातून इटलीच्या ब्रिंडिसीला निघाली होती. बोटीवर सुमारे २९० माणसे आणि दीडशेच्या वर ट्रक-ट्रेलर. कोर्फू बेटाजवळ गाड्यांच्या मजल्यावर आग लागली. बहुतेकांना वाचवण्यात आले. जे सापडत नव्हते, ते ट्रकड्रायव्हर होते. बल्गेरियाचे, ग्रीसचे आणि इतर देशांचे. तिसऱ्या दिवशी बोटीच्या मागच्या टोकाला २१ वर्षांचा एक बेलारूसचा ड्रायव्हर जिवंत सापडला. पुढे एकेक करून मृतदेह निघाले. अकरा माणसे गेली. त्यानंतर ड्रायव्हरांनी आणि त्यांच्या संघटनेने सांगितले, की खोल्या अपुऱ्या आणि घाणेरड्या असतात म्हणून आमची माणसे गाडीत झोपतात. बोटीच्या कंपनीने ते नाकारले. आणखी एक गोष्ट उघड झाली. बोटीतून वाचवलेल्यांत दोन माणसे अशी निघाली, की त्यांची नावे प्रवाशांच्या यादीतच नव्हती.

त्याआधी २८ डिसेंबर २०१४ ला याच समुद्रात ‘नॉर्मन अटलांटिक’ ही बोट पेटली होती. तीही रात्रीचीच, तीही ट्रकांनी भरलेली. तेव्हाही गाड्यांच्या मजल्यावर माणसे होती असे निघाले, आणि तेव्हाही बोटीवर नेमके किती लोक होते याचा मेळ किती तरी दिवस लागत नव्हता. मी कारकून आहे. एका पोत्याचा हिशेब लागला नाही तर आमच्या कचेरीत रात्री दहापर्यंत दिवे चालू राहतात. इथे माणसांचा हिशेब लागत नव्हता.

आणि खोली मिळाली म्हणजे सगळे झाले असेही नाही, ती खोली कुठे आहे तेही पाहावे लागते. २८ सप्टेंबर १९९४ च्या मध्यरात्रीनंतर ‘एस्टोनिया’ ही बोट बाल्टिक समुद्रात बुडाली. लाटांच्या माऱ्याने तिचा पुढचा दरवाजा तुटला आणि गाड्यांच्या मजल्यावर पाणी शिरले. ९८९ माणसांपैकी ८५२ मेली. त्या बोटीवरच्या सर्वांत स्वस्त खोल्या गाड्यांच्या मजल्याच्याही खाली होत्या. म्हणजे समुद्रावरसुद्धा ज्याचे पैसे कमी, त्याचे अंथरूण तळाला. या दुर्घटनेनंतर १९९६ मध्ये स्टॉकहोमला युरोपातल्या काही देशांनी करार केला आणि अशा बोटींच्या स्थैर्याचे नियम कडक केले. माणसे मेल्यावर नियम सुधारतात हे खरे आहे. आपण त्याची वाट पाहत बसायचे का, हा आपला प्रश्न आहे.

मला या सगळ्यात जी गोष्ट मोलाची वाटली, ती मात्र बोटीच्या नव्हे, ड्रायव्हरच्या कामाच्या तासांच्या कायद्यात आहे. युरोपात २००७ पासून लागू असलेला नियम असा: ड्रायव्हरने दिवसाला नऊ तास गाडी चालवायची, आठवड्यातून दोनदा फार तर दहा. साडेचार तास चालवली की पाऊण तास थांबायचे. दिवसाला अकरा तासांची सलग विश्रांती. आता बोटीवरची रात्र विश्रांतीत धरायची की नाही? कायदा म्हणतो, धरता येईल, पण एका अटीवर. ड्रायव्हरला बोटीवर झोपायला बर्थ मिळाला पाहिजे. बोटीवर चढण्या-उतरण्यासाठी ती झोप फार तर दोनदा मोडता येते, आणि तीही सगळी मिळून एका तासापेक्षा जास्त नाही. गाडीतल्या नोंदीच्या यंत्रातही ‘फेरी किंवा रेल्वे’ असे वेगळे चिन्ह दाबायची सोय आहे. २०२० मध्ये त्यात भर पडली: बोटीचा प्रवास आठ तासांचा असेल आणि ड्रायव्हरला झोपायची खोली असेल, तर आठवड्याची मोठी सुटीही तिथे धरता येते.

यातला सरळ व्यवहार लक्षात घ्या. झोप मोजायची असेल तर बर्थ द्या. बर्थ नसेल तर ती झोप नव्हे, ते नुसते बसून राहणे. आणि नियमात बोटीबरोबर रेल्वेही आहे. ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंडच्या डोंगरांतून ट्रक वाहून नेणाऱ्या ज्या रेल्वेगाड्या वर्षानुवर्षे धावल्या, त्यांना ड्रायव्हरांसाठी झोपायचा वेगळा डबा जोडण्याची पद्धत राहिली आहे.

युरोपात सगळे आलबेल आहे असे मी म्हणत नाही. तसे असते तर ऑलिंपियावर अकरा माणसे गेली नसती. तिथेही पळवाटा आहेत. बारापेक्षा जास्त प्रवासी असले तर ते प्रवासी जहाज धरले जाते आणि त्याला कडक नियम लागतात. म्हणून मालाच्या कित्येक बोटी बारापर्यंतच ड्रायव्हर घेतात. बाकीचे ट्रेलर ड्रायव्हरशिवाय चढवतात आणि पलीकडे दुसरा ड्रायव्हर ते ओढून नेतो. सरदारजी म्हणाले, ‘‘तेराव्याला बंदरावरच रात्र काढावी लागते.’’ पण एक गोष्ट आहे. तिथल्या ड्रायव्हरच्या हातात कायद्याचा कागद आहे. तो बोट ठेवून म्हणू शकतो, माझा बर्थ कुठे आहे?

आता आपल्या घरी येतो. कोकण रेल्वेने २६ जानेवारी १९९९ ला कोलाड ते वेर्णा अशी ट्रकांची रो-रो सुरू केली. पुढे ती सुरतकलपर्यंत गेली. भरलेला ट्रक सपाट वॅगनवर चढवायचा आणि ड्रायव्हर-क्लीनरने आपल्याच केबिनमध्ये बसून जायचे. मी या सेवेच्या बाजूचा आहे. कोलाड ते वेर्णा ४१७ किलोमीटर. डिझेल वाचते, टायर वाचतात, घाटातले अपघात वाचतात. पावसाळ्यात मुंबई-गोवा रस्त्याने जो गेला आहे, त्याला याची किंमत कळेल. ड्रायव्हरही खूश असतात. पनवल नदीवरच्या उंच पुलावरून गाडी जाताना आमच्या एका क्लीनरने घरी व्हिडिओ कॉल लावला होता.

पण वॅगन मालाची. तिला संडास नाही, पाणी नाही. क्रॉसिंगला गाडी थांबली की तेवढ्यात उतरायचे. नव्वदीच्या वर बोगदे, त्यात रत्नागिरीजवळचा करबुड्याचा एकटाच साडेसहा किलोमीटरचा. उघड्या खिडकीने तो पार करायचा. २०२२ मध्ये सगळ्या मार्गावर विजेच्या गाड्या सुरू झाल्या, त्यामुळे धूर गेला, ते चांगले झाले. मात्र आता डोक्यावर पंचवीस हजार व्होल्टची तार आहे. ताडपत्री सुटली तरी मालावर चढायचे नाही. वॅगन हादरते, गाडी स्प्रिंगवर डुलते, आणि त्या डुलण्यात फळीवर आडवे व्हायचे.

ऑगस्ट २०२५ मध्ये गणपतीच्या तोंडावर याच कोलाड-वेर्णा मार्गावर मोटारींसाठी रो-रो सुरू झाली. एका मोटारीचे भाडे ७,८७५ रुपये. तिचे नियम मी वाचले. मोटारीत बसून प्रवास करायला मनाई. माणसांसाठी गाडीला वेगळे डबे जोडलेले, वातानुकूलित बर्थचे तिकीट ९३५ रुपये आणि साधे बसायचे १९० रुपये. हे अगदी योग्य झाले. मोटारीत बसून रात्रभर जाणे सुरक्षित नाही, हे रेल्वेने मानले. तोच रूळ, तीच रात्र, तेच बोगदे. मोटारीतल्या माणसासाठी डबा जोडता येतो, तर ट्रकमधल्या माणसासाठी का नाही? एवढाच माझा प्रश्न आहे. त्यात कुणावर राग नाही.

हा प्रश्न मला का पडला, ते सांगतो. माझे साडू ट्रकवर ड्रायव्हर आहेत. गेल्या वर्षी ते गाडी घेऊन असेच रात्रभर केबिनमध्ये बसून गेले. बरोबर एकोणीस वर्षांचा क्लीनर. सकाळी गाडी उतरवली, माल खाली केला आणि लगेच मालकाचा फोन, ‘‘रात्रभर झोपूनच आलात ना? मग परतीचा माल घ्या आणि निघा.’’ त्यांनी गाडी भरली आणि निघाले. संध्याकाळी घाट चढताना डोळा लागला. गाडी दरडीला घासत गटारात उतरली. दरी दुसऱ्या बाजूला होती म्हणून दोघे वाचले. क्लीनरचा हात मात्र कोपरातून मोडला. आज वर्ष झाले, त्या पोराला भरलेली बादली उचलता येत नाही.

मालकाने कागदावर लिहिले, ‘चालकाची चूक.’ त्या फेरीचा हिशेब माझ्या पाहण्यात आला. त्यात रेल्वेवरच्या रात्रीचा भत्ता कापलेला होता. कारण काय, तर गाडी चालवली नाही, विश्रांती झाली. म्हणजे भत्ता द्यायच्या वेळी ती रात्र विश्रांती. विश्रांती मागायच्या वेळीही तीच रात्र विश्रांती. आणि झोप? ती कुठेच नाही. माझी मेहुणी दवाखान्याच्या बाकावर बसून मला म्हणाली, ‘‘दाजी, बाकीच्या दिवशी मी रात्री दोन-दोनदा उठून फोन बघते. रेल्वेने जाणार म्हणाले, म्हणून त्या रात्री मी निर्धास्त झोपले होते.’’ मला काही बोलता आले नाही.

कायदा आपल्याकडेही होता आणि आहे. १९६१ चा मोटार परिवहन कामगार कायदा पाच किंवा जास्त कामगार असलेल्या मालकाला लागू होता. दिवसाला आठ तास, आठवड्याला अठ्ठेचाळीस, लांब पल्ल्याला काही सूट. जिथे कामगारांना कामासाठी रात्री मुक्काम करावा लागतो, तिथे मालकाने विश्रांतीची खोली किंवा तशीच दुसरी सोय करायची, असे त्यात स्पष्ट लिहिले होते. साठ वर्षे ते कलम कागदावर होते. माझ्या टेबलासमोर उभ्या राहिलेल्या एकाही ड्रायव्हरने ते ऐकलेले नव्हते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याच्या जागी व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कामाच्या परिस्थितीची नवी संहिता आली. तिच्यात मोटार वाहतुकीच्या धंद्याला पाचाऐवजी दहा कामगारांची अट आहे. दोन-तीन गाड्यांच्या मालकाकडे काम करणारे आपले बहुतेक भाऊ या रेषेच्या बाहेर राहतात. एक गोष्ट चांगली झाली. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मध्यम आणि जड ट्रकांना वातानुकूलित केबिन सक्तीची झाली. पण आपली माणसे चालवतात त्या गाड्या दहा-पंधरा वर्षांच्या. ती हवा त्यांच्यापर्यंत पोचायला वेळ लागेल.

क्लीनरचा हात मोडला, त्यानंतर आम्ही मंडळातर्फे एका रविवारी समाजमंदिरात ड्रायव्हरांची बैठक घेतली. अठरा-वीस जण आले. सुरुवातीला सगळे गप्प. एक वयस्कर ड्रायव्हर म्हणाले, ‘‘झोपेसाठी मोर्चा काढायचा का आता? लोक हसतील.’’ तेव्हा मी त्यांना ऑलिंपिया बोटीची हकिगत सांगितली, युरोपातला बर्थचा नियम सांगितला. मग एकेक जण बोलू लागला. कुणी म्हणाले, झोप येऊ नये म्हणून तंबाखू डोळ्याला लावतो. कुणी म्हणाले, क्लीनरला सांगून ठेवतो, माझी मान वाकली की चापट मार. एवढी वर्षे मी यांचे भत्ते काढत होतो. हे त्यांनी मला कधी सांगितले नव्हते, कारण ही सांगायची गोष्ट आहे असेच त्यांना वाटत नव्हते.

त्या बैठकीत तीन मागण्या ठरल्या. पहिली, ट्रकांच्या रो-रो गाडीला ड्रायव्हर-क्लीनरसाठी एक साधा शयनयान डबा जोडावा, त्याचे तिकीट भाड्यात धरावे. दुसरी, जोवर डबा नाही तोवर ती रात्र विश्रांती धरू नये. गाडी उतरल्यावर किमान सहा तास झोप मिळाल्याशिवाय पुढची फेरी देऊ नये आणि त्या रात्रीचा भत्ता कापू नये. तिसरी, गाडीबरोबर जाणाऱ्या प्रत्येकाचे, क्लीनरचेसुद्धा, नाव आणि घरचा फोन नंबर फेरीच्या कागदावर लिहावा.

पहिल्या मागणीचा अर्ज आम्ही सह्यांनिशी पाठवला आहे, पाठपुरावा चालू आहे. दुसरी घेऊन मी ओळखीच्या चार मालकांकडे गेलो. कारकुनाने मालकाला शहाणपण शिकवायचे म्हणजे काय असते, ते नोकरी करणाऱ्यांना सांगायला नको. मी वाद घातला नाही. एका कागदावर मोडलेल्या गाडीचा खर्च लिहिला आणि शेजारी सहा तास थांबण्याचा खर्च लिहिला. दोघांनी कागद परत दिला. एकाने ‘बघू’ म्हटले. एकाने मात्र मान्य केले, आणि त्याच्या पाच गाड्यांचे ड्रायव्हर आता रेल्वेने गेले तर उतरल्यावर सहा तास झोपतात. तिसऱ्या मागणीला कुणाची परवानगी लागली नाही. बिल्टी मीच लिहितो. गाडीच्या नंबराखाली जागा असते, तिथे मी दोघांची नावे लिहू लागलो.

वाचकहो, आणि विशेषतः घरातल्या आयाबहिणींनो, तुमच्या घरचा माणूस ट्रकवर असेल तर फोनवर आपण काय विचारतो? जेवलास का, कुठे पोचलास, कधी येणार. आणखी एक प्रश्न विचारत जा: काल रात्री किती तास झोपलास आणि कुठे? तो हसण्यावारी नेईल. तरी विचारा. तो बोटीने जाणार असेल, रेल्वेने जाणार असेल, तर झोपायची सोय काय आहे ते विचारा. उद्या एखाद्या एजंटाने परदेशात ड्रायव्हरची नोकरी दाखवली तर पगाराच्या आकड्याबरोबर हेही लिहून घ्या, की बोटीवर खोली कोण देणार, त्याचे पैसे कोण भरणार. आणि मुलाला बजावून ठेवा, की बोटीत खाली गाडीत झोपायचे नाही, गालिच्यावर झोपावे लागले तरी चालेल, पण वरच झोपायचे. वर गेल्याबरोबर बाहेर पडायचा जिना कुठे आहे ते आधी बघून ठेवायचे.

आमची पुढची बैठक महिन्याच्या शेवटच्या रविवारी आहे. या वेळी ड्रायव्हरांबरोबर त्यांच्या घरच्या बायकांनाही बोलावले आहे. मेहुणी म्हणाली, ‘‘दाजी, मी येणार आणि बोलणार.’’ क्लीनरची आईसुद्धा येणार आहे.